वार्सिती वार्सिती

माझं नाव वार्सिती.
एवढंच.
बापाने एका शब्दात भागवलं, त्याचंही तसंच:
सुकिमन. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही.

पण फोनवरचा फॉर्म आडनावावाचून हलेना,
रिकाम्या चौकटीभोवती लाल रेघ मारून बसला.
मग मी स्वतःलाच स्वतःच्या मागे उभी केली.
आता बँकेत, दवाखान्यात, विमानाच्या तिकिटावर
मी दोनदा आहे.
पगार एकदाच येतो.

लेकीला म्हणूनच तीन नावं दिली.
पहिलं एका परदेशी मालिकेतून उचललेलं: केयशा.
ते बापाच्या जिभेवर बसत नाही.
तो म्हणतो न्दुक. न्दुक म्हणजे नुसती पोर.

बेकासीत, चौदाव्या मजल्यावर,
पोर फोनच्या आरशाशी बोलत असते.
अर्धं वाक्य दक्षिण जाकार्ताचं,
अर्धं समुद्रापलीकडचं,
मध्येच "लिटरली", मध्येच "हीलिंग".
मी रागावत नाही.
रागवायचं कुठल्या भाषेत?
जावानी मीच तिच्यापासून लपवली,
औषधाच्या गोळ्या ठेवतात तशी, वरच्या फळीवर.
वर्गात माझ्या उच्चारांना पोरं हसली होती.
तिच्या उच्चारांना हसू नयेत, एवढंच मनात होतं.

आणि मग हा शब्द: उंदुह.
कुणा शहाण्यांना वाटलं,
डाउनलोडला घरचाच शब्द हवा.
शोधत शोधत आमच्या परसात आले
आणि हा घेऊन गेले.
उंदुह म्हणजे फळ उतरवणं,
अरुमानिस आंबा, देठासकट, अलगद,
खाली कुणीतरी सारोंग पसरून उभं.
चढणं म्हणजे उंगाह. तोही नेला, अपलोडसाठी.
पोर दिवसातून पन्नासदा उंदुह करते,
झाडावर एकदाही चढलेली नाही.
बापाला हे सांगितलं.
तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला,
"आणि चीक? तो कुठे पुसतात?"

गेल्या ईदेला त्याला फोन घेऊन दिला.
क्लातेनच्या पुढच्या आमच्या गावातून
तो नातीला लिहितो, क्रोमोत,
मोठ्यांशी बोलायच्या वाकलेल्या बोलीत.
ती मोठी म्हणून नव्हे.
लहानांनी शिकावी
म्हणून मोठ्यांनी आधी वाकायचं,
अशी आमच्याकडची रीत.
तो लिहितो कुलो, म्हणजे मी, लीन होऊन मी.
फोन त्याचं कुलिआह करतो, म्हणजे कॉलेज.
तो लिहितो म्बोतेन, म्हणजे नाही.
फोन त्याची बाटली करतो.
एका रात्री निरोप आला:
कॉलेज बाटली येणार, न्दुक, काळजी घे.
पोर हसून लोळली.
मैत्रिणींना पाठवला, तिकडून साठ हृदयं आली.
मी भांडी घासत राहिले.
एकच ताट दोनदा घासलं.

त्यानंतर काय झालं ते मला नीट माहीत नाही.
एवढंच दिसलं की ती
मालांगच्या कुणा पोराचे मिनिटामिनिटाचे धडे बघतेय,
तोंडाला चॉकलेटी लेप, ओठ पुटपुटताहेत.
आणि रविवारी तिने आवाज पाठवला:
"कुलो सांपुन धाहर, म्बाह."
आजोबा, माझं जेवण झालं.
फक्त धाहर हे दुसऱ्याचं जेवण, थोरांचं.
स्वतःचं तसं म्हणत नाहीत.
जणू म्हणाली,
आजोबा, मी जेवण्याची कृपा केली.

बाप ते घेऊन कोपऱ्यावरच्या टपरीत गेला.
आवाज पूर्ण वाढवून सगळ्यांना ऐकवला,
लवंगेच्या सिगारेटींच्या धुरात,
एकदा, तीनदा, मग मोजणं सुटलं.
"राणीसाहेबांचं जेवण झालं!" म्हातारे टाळ्या देत राहिले.
चूक मात्र त्याने तिला सांगितली नाही.
मीही नाही.

मी गावी गेले तेव्हा त्याने फोन पुढे केला.
हा आवाज पुसला तर जाणार नाही ना?
कायमचा कसा ठेवायचा?
म्हटलं, उंदुह करायचा, बापा. इथे दाबा.

त्याने आधी बोटं सारोंगला पुसली,
एकेक करून, सावकाश,
आणि मग दाबलं.